ब्रेकवर पाय असताना

१

अजिनाथला चोर ठरवून घालवलं त्याला तीन महिने झाले होते, आणि गाडी अजून थरथरत होती.

रुचाताईंचा फोन आला तेव्हा गहिनीनाथ मिस्तरी एका टेम्पोच्या खाली आडवा होता. "भाऊ, तुम्ही नवा पार्ट टाकलात, थोडे दिवस बरं वाटलं. आता सिग्नलला उभं राहिलं की पुन्हा सगळं हलतंय. घरी येऊन गाडी घेऊन जाता का? आमचा आत्ताचा ड्रायव्हर फक्त रविवारी येतो."

गाडी चौदा वर्षांची, ऑटोमॅटिक. पारनेरकर सरांचा डावा गुडघा बदलला तेव्हा क्लचची कटकट नको म्हणून घेतलेली. सर श्रीरामपूरकडच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. गाडी घेऊन तीन वर्षं होतात न होतात तोच त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. समोरचं दिसायचं, पण कडेचं विझत चाललं होतं. डॉक्टरांनी स्टिअरिंगला हात लावू नका म्हणून बजावलं, आणि सरांच्या मुलीनं, रुचाताईंनी, किल्ली अजिनाथच्या हातात दिली. जामखेडचा हा माणूस पुढं अकरा वर्षं ती गाडी चालवत राहिला.

गेल्या नोव्हेंबरात गाडी थरथरते म्हणून रुचाताई अजिनाथला चालवायला लावून ती गॅरेजला घेऊन आल्या होत्या. इंजिन ज्या रबरी आधारावर बसतं तो उजव्या बाजूचा माउंट गहिनीनाथनं पाहिला आणि हात पुसत म्हणाला होता, "ताई, हा कंपनीचा नाही. चांगला काढून कोणीतरी लोकल टाकलाय."

एवढंच बोलला होता. जुन्या बाजारात असल्या माउंटला चांगलं गिऱ्हाईक असतं, हे रुचाताईंना कोणीतरी दुसऱ्यानं सांगितलं. त्याच संध्याकाळी त्यांनी अजिनाथला चोर म्हटलं, तेव्हा त्यानं सरांच्या टेबलावर किल्ली ठेवली आणि चपला घालून निघून गेला. त्यानं एक शब्दही काढला नाही, आणि तीच त्याची कबुली समजली गेली.

गहिनीनाथ गुरुवारी सावेडीतल्या बंगल्यावर गेला. ठेंगणे सर व्हरांड्यात भिंग घेऊन पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. त्यांच्या खोलीतल्या कपाटावरून रुचाताईंनी किल्ली काढून दिली. तिथं भिंतीवर बेलापूरच्या कुठल्याशा 'बजरंग ट्रॉली वर्क्स'चं कॅलेंडर होतं. गहिनीनाथ गाडीत बसला तर गुडघे स्टिअरिंगला टेकले. त्यानं सवयीनं सीट मागं सरकवली.

सिग्नलला गाडी डी गिअरमध्ये, पाय ब्रेकवर, आणि स्टिअरिंग, आरसा, दाराची काच सगळं बारीक थरथरायला लागलं. त्यानं न्यूट्रल केलं. सगळं शांत झालं. पुन्हा डी, पुन्हा थरथर. म्हणजे प्लगचा, थ्रॉटलचा दोष नव्हता. तो असता तर इंजिन न्यूट्रलमध्येही अडखळलं असतं. डीमध्ये गिअरबॉक्स गाडीला पुढं ओढतो, ब्रेक तिला धरून ठेवतो, आणि त्या ओढाताणीचा भार माउंटवर येतो. पण माउंट तर त्यानं स्वतः नवा, कंपनीचा बसवला होता.

गॅरेजला आल्यावर त्यानं गाडी वर घेतली आणि या खेपेला घाई केली नाही. माउंट ज्या लोखंडी ब्रॅकेटला धरतो तो पट्टीनं मोजला. डाव्या बाजूपेक्षा उजवी सात मिलीमीटर खाली होती. ब्रॅकेट वाकला होता, म्हणून नवा माउंटही पिळून बसला होता. मग त्यानं टॉर्च पुढं नेला. रेडिएटरखालची आडवी पट्टी कोणीतरी हातोड्यानं ठोकून सरळ केली होती आणि तिच्यावर ब्रशनं लाल रंग फासला होता.

गहिनीनाथ जमिनीवर तसाच पडून राहिला. माउंट चोरणारा माणूस खालची पट्टी ठोकून सरळ करत बसत नाही.

२

"म्हणजे चोरी झालीच नाही?" रुचाताईंनी विचारलं. त्या गॅरेजमधल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसल्या होत्या. जिल्हा परिषदेतून थेट आल्या होत्या.

"नाही. गाडी कशावर तरी चढली. माउंट तुटला, ब्रॅकेट वाकला. ज्यानं दुरुस्त केलं त्यानं मिळेल तो माउंट टाकला. मी नोव्हेंबरात फक्त माउंट बघितला, ताई. पुढं टॉर्च मारलाच नाही."

रुचाताईंनी वाकून पट्टीकडं पाहिलं. "मग ठोकली असेल अजिनाथनंच. आणि लपवली."

"असेल. कधीपासून थरथरते, आठवतं का?"

"दिवाळीत गंधार मित्रांना घेऊन गेला होता." गंधार त्यांचा मुलगा, पुण्याला शिकणारा. बोलताना त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी तिथूनच त्याला फोन लावला. पलीकडून तो चिडून बोलत होता ते गहिनीनाथलाही ऐकू आलं: "आई, मी घेतली तेव्हाही हलतच होती. मी अजिनाथकाकांना विचारलं, तर म्हणाले, तू चालव, बोलू नकोस."

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "खरं सांगतोय तो. गणपती आणताना मूर्ती माझ्या मांडीवर होती. सिग्नलला तिच्या मुकुटाचे मणी एकसारखे वाजत होते. तेव्हा गंधार पुण्यातच होता."

गहिनीनाथनं आपली वही काढली. जुलैअखेरीला त्यानं गाडीची सर्व्हिसिंग केली होती आणि खालून तपासल्याची खूण केली होती. म्हणजे जे काही झालं ते ऑगस्टात, गणपतीच्या आधी. रुचाताईंना स्कूटीखेरीज काही चालवता येत नव्हतं. गंधार नव्हता. उरला अजिनाथ.

"पण ठोकली असती तर सांगायला काय झालं होतं त्याला?" रुचाताई स्वतःशीच म्हणाल्या. "बाबा त्याला मुलासारखं वागवायचे. आरतीला, त्याच्या मुलीला, नर्सिंगला प्रवेश बाबांच्याच शब्दावर मिळाला."

गहिनीनाथनं जामखेडला अजिनाथच्या भावाला फोन लावला. भाऊ कोरडेपणानं म्हणाला, "त्यो इथं कुठं हाय आता. पुनतांब्याच्या शिवारात ऊस तोडतोय. आरतीला बी घेऊन गेलाय."

३

ऊसतोडीला जोडी लागते. अजिनाथच्या बायकोला, राहीबाईला, कंबरेच्या दुखण्यानं वाकता येत नव्हतं. म्हणून कोयत्याची दुसरी बाजू आरतीनं धरली होती. गहिनीनाथ पुणतांब्याला पोचला तेव्हा ती मोळ्या बांधत होती. डोक्याला फडकं, हातांवर पाचटाचे ओरखडे.

अजिनाथनं त्याला पाहिलं आणि तोडणं थांबवलं नाही.

"मिस्तरी, लांब आलात."

"चुकलो, अजिनाथ. माउंट चोरलेला नव्हता. गाडी कशावर तरी चढली होती. कोण चालवत होतं?"

"गाडीचं मला इचारू नका."

"तू होतास का?"

अजिनाथनं ऊस शेंड्याला छाटला, बाजूला टाकला. उत्तर आरतीनं दिलं. "ते कसं असतील? ऑगस्टात माझ्या प्रवेशासाठी आबा आठ दिवस गावाकडं होते. चौदा तारखेला सकाळी आमी फॉर्म भरला, एकवीसला ते नगरला गेले. सरांनीच रजा दिली होती."

"आरते, तू मोळ्या बांध," अजिनाथ म्हणाला.

"का बांधू? इथंबी लोकांना कळलंय. मुकादम तुम्हाला ट्रॅक्टरच्या चाकाला हात लावू देत न्हाई. म्हणतो, पार्ट काढून इकशील."

गहिनीनाथ खाली बसला. बांधावर टोळीतल्या बायका पाणी पीत होत्या आणि इकडं बघत होत्या.

"तू आलास तेव्हा गाडी थरथरत होती का?"

"हुती."

"मग कोणाला विचारलंस?"

अजिनाथनं कोयता मातीत रोवला. त्यानं उलट विचारलं, "नवा डायवर ठेवलाय का त्यांनी?"

"पार्थ म्हणून एक पोरगा आहे. उंच, सहा फुटी."

"रोज येतो का त्यो?"

"नाही. रविवारचा."

अजिनाथचा चेहरा बदलला. एवढा वेळ त्यात नुसता थकवा होता, आता काळजी दिसली. "रोजचा ठेवायला सांगा ताईंना," तो म्हणाला. "माझं काय बी असू द्या. रोजचा मानूस पायजे त्या गाडीवर." आणि तो पुढच्या सरीत शिरला.

गहिनीनाथ मोटारसायकलपाशी परत आला. त्याच्या खिशात कागदाची पुडी होती. वाकलेल्या ब्रॅकेटच्या खाचेतून त्यानं काल खरवडून काढलेला चुरा तिच्यात होता. त्यानं ती उन्हात उघडली. पांढरा चुना आणि त्यात तांबडा गेरू. रस्त्यावरच्या दगडाला असा रंग नसतो. असा रंग पाराला देतात, नाहीतर शाळेतल्या झेंड्याच्या ओट्याला.

आणि पट्टीला फासलेला तो लाल रंग मोटारीचा नव्हता. तो ट्रॉलीला मारतात.

सरांच्या खोलीतलं कॅलेंडर आठवून त्यानं मोटारसायकल नगरकडं न वळवता बेलापूरच्या रस्त्याला घातली.

४

बजरंग ट्रॉली वर्क्स म्हणजे पत्र्याची एक शेड. बजरंग पन्नाशीचा, डोळ्यांवर वेल्डिंगचा चष्मा. सरांचं नाव काढल्यावर तो उठून उभा राहिला, जणू सरच समोर आलेत.

"त्यांनी मला चौथीपासून शिकवलं, साहेब. नापास झालो तरी शाळेतून काढलं न्हाई."

"पंधरा ऑगस्टला ते इथं आले होते?"

"पाहुणे म्हणून बोलावलं हुतं शाळेनं. झेंडा त्यांच्याच हातनं झाला."

"ड्रायव्हर कोण होता?"

बजरंगनं चष्मा काढला. हातातला रॉड खाली ठेवला. "तुमाला कुनी सांगितलं?"

"तुझ्या रंगानं सांगितलं. रेडिएटरच्या पट्टीला ट्रॉलीचा रंग मारलास तू."

तो हसला नाही. शेडच्या तोंडाशी जाऊन त्यानं रस्त्याकडं पाहिलं, मग सांगायला लागला. कार्यक्रम संपला होता, मंडळी पांगली होती. सर एकटेच गाडी वळवत होते. उजव्या हाताला झेंड्याचा ओटा, बुटका, तीन पायऱ्यांचा. तो त्यांना दिसलाच नाही. पुढचं चाक पायरीवर चढलं, आणि सर घाबरून ब्रेकच्या ठिकाणी दुसरंच पेडल दाबून बसले. गाडी ओट्यावर अर्धी गेली आणि धाडकन खाली बसली.

"बंपर पलास्टिकचा, वाकून परत जाग्यावर आला. वरनं काय दिसत नव्हतं. खाली समदं बसलं हुतं." बजरंगचा आवाज खाली गेला. "त्याच्या पाच मिंटं आधी त्या पायरीवर सातवीच्या पोरी बसून खाऊ खात हुत्या. मी सोता बघितल्या. घंटा झाली म्हणून उठल्या."

"मग?"

"सरांनी माझा हात धरला. म्हणाले, बजरंग, रुचा पुण्याला गेलीय, ती यायच्या आत गाडी नीट कर, हे माझ्या घरी कळता कामा नये. मी रातभर काम करून गाडी दिली. कंपनीचा माउंट इथं कुठं मिळायचा? श्रीरामपुरात मिळाला तो टाकला."

"आणि सर पुन्हा गाडी चालवत गेले नगरला?"

"मी म्हनलं मी सोडतो. ऐकलं न्हाई."

गहिनीनाथनं त्याला अजिनाथचं सांगितलं. बजरंग ऐकत गेला आणि हळूहळू ट्रॉलीच्या दांडीवर बसला. "मला म्हाईत न्हवतं," तो म्हणाला. "आईशप्पत, मला ह्यातलं काय म्हाईत न्हवतं."

"ताईंसमोर सांगशील?"

बजरंगनं खाली ठेवलेला रॉड पुन्हा उचलला. "माझ्या तोंडनं नको," तो म्हणाला. "त्यांनी शिकवलंय मला."

५

शनिवारी सकाळी सर त्यांच्या खोलीत होते. डोळ्यांत थेंब घालून पाच मिनिटं डोळे मिटून बसायची त्यांची वेळ होती. रुचाताई दारात उभ्या राहिल्या. गहिनीनाथ स्टुलावर बसला.

"झाली का गाडी?" सरांनी डोळे न उघडता विचारलं.

"होईल. ब्रॅकेट बदलावा लागेल. सर, एक विचारायचं होतं. रविवारी पार्थ गाडी ठेवून गेला. तो सहा फुटी. गुरुवारी मी बसलो तर माझे गुडघे स्टिअरिंगला लागले. मधल्या तीन दिवसांत सीट पुढं कोणी घेतली?"

सरांनी औषधाची बाटली चाचपून टेबलावर ठेवली.

"ह्या घरात एवढ्या जवळ बसून चालवणारं माणूस एकच आहे. ऑगस्टात अजिनाथ जामखेडला होता. गंधार पुण्याला. ताईंना चालवता येत नाही. ब्रॅकेटमध्ये चुना आणि गेरू अडकलाय, आणि पट्टी ठोकलीय ट्रॉली करणाऱ्यानं. मी बेलापूरला जाऊन आलो."

मिटल्या पापण्यांखालून थेंबाचं पाणी गालावर ओघळलं. ते औषध होतं का आणखी काही, गहिनीनाथला सांगता आलं नसतं. रुचाताईंनी दाराची चौकट धरली.

"बाबा, तुम्ही अजून चालवता? मी ऑफिसला गेल्यावर?"

"भाजी आणायला जातो. बागेपर्यंत जातो." सरांनी डोळे उघडले. "डॉक्टरनं सांगितलं म्हणून मी काय खिडकीत बसून दिवस मोजायचे? चाळीस वर्षं शाळा चालवली मी. मला रस्ता ओलांडून द्यायला माणूस लागतो आता. ती किल्ली गेली असती तर काय उरलं असतं माझ्याकडं?"

"अजिनाथला माहीत होतं?"

"गावाहून आल्या दिवशीच ओळखलं त्यानं. मी म्हटलं, रुचाला सांगू नकोस. तो म्हणाला, न्हाई सांगत सर, पर तुमी परत चालवू नका." सर थांबले. "शब्द पाळला त्यानं."

"आणि मी त्याला चोर म्हणाले तेव्हा तुम्ही इथंच होता. ह्याच खुर्चीत."

"मी चोर म्हटलं नाही त्याला. तू म्हणालीस. ह्या मिस्तरींच्या सांगण्यावरून म्हणालीस. मी एक शब्द बोललो नाही."

"हो," रुचाताई म्हणाल्या. "तो तुमच्याकडंच बघत होता, बाबा. मला वाटलं, शरमेनं बघतोय."

त्यांनी कपाटावरची दुसरी किल्लीही काढली आणि पर्समध्ये टाकली. सरांनी त्या पर्सकडं पाहिलं, मग गहिनीनाथकडं. त्यांच्या आवाजात पश्चात्ताप नव्हता, राग होता. "तुम्हाला थरथर थांबवायला सांगितलं होतं. तेवढंच करायचं होतं तुम्ही."

६

रुचाताई स्वतः पुणतांब्याला जायला निघाल्या होत्या, पण सर म्हणाले, मी लिहून देतो. त्यांनी भिंग घेऊन दोन तास बसून एक पत्र लिहिलं. अक्षर अजूनही मोत्यासारखं होतं. ते घेऊन गहिनीनाथ दुसऱ्या दिवशी निघाला. अजिनाथला पुन्हा कामावर बोलावल्याचा रुचाताईंचा निरोपही त्याच्यापाशी होता.

फडात ट्रक भरत होते. अजिनाथनं हात पँटला पुसून पत्र घेतलं, अर्धं वाचलं आणि आरतीकडं दिलं. तिनं ते मोठ्यानं वाचलं. मुकादम आणि दोन-चार जण जवळ आले.

"'चिरंजीव अजिनाथ यास अनेक आशीर्वाद. गेल्या काही महिन्यांत परिस्थितीच्या ओघात जो गैरसमज निर्माण झाला, त्याचे मला अत्यंत दुःख आहे. तुझी निष्ठा माझ्या नेहमीच स्मरणात राहील...'" ती थांबली. पुढचं तिनं मनात वाचलं, कागद उलटून पाठीमागं पाहिलं. "गैरसमज कुनाचा, ते न्हाई ह्यात. गाडी कोन चालवत हुतं ते बी न्हाई."

"म्हातारं मानूस हाय," अजिनाथ म्हणाला. "लिवलं तेवढं लई झालं."

"तुमाला झालं असंल."

मुकादम विचारत होता, काय भानगड आहे. अजिनाथ बोलणार नाही हे गहिनीनाथला दिसत होतं. मग त्यानंच सांगितलं, सगळ्यांसमोर, पहिल्यापासून. ओटा, पायरी, माउंट. टॉर्च पुढं न नेता आपण बोललो तेही सांगितलं. मुकादम ऐकून "हं" म्हणाला आणि ट्रककडं वळला. माफी मागायची त्याची पद्धत नव्हती.

"ताईंनी कामावर बोलावलंय," गहिनीनाथ अजिनाथला म्हणाला. "उद्यापासून ये."

"उचल घेतलीय हंगामाची. मार्चपतुर इथंच." अजिनाथनं उसाच्या फडाकडं पाहिलं. "अन् आलो तरी, गाडीत मागं ते बसणार. आरशात रोज बघावं लागंल."

आरतीनं पत्राची घडी घालून ती गहिनीनाथच्या हातात दिली. "काका, हे परत न्या. मी कॉलेज सोडलं तेव्हा मॅडमनी कारन इचारलं. मी म्हनलं घरची अडचन. पन त्यांना आधीच कुनीतरी सांगितलं हुतं, बाप चोरीत सापडला म्हणून. जूनमंदी परत जायचं म्हनलं तर मला हे दाखवून चालत न्हाई."

गहिनीनाथनं मोटारसायकलच्या डिकीतून बिलबुक काढलं. गॅरेजचं नाव छापलेलं एक पान फाडलं आणि सीटवर ठेवून लिहायला लागला. त्याचं शिक्षण सातवीपर्यंतचं. एकेक अक्षर जुळवत त्यानं लिहिलं की अमुक नंबरच्या गाडीचा माउंट चोरीला गेलेला नाही. तो पंधरा ऑगस्टला बेलापूरच्या शाळेत ओट्यावर गाडी चढून तुटला. तेव्हा गाडी यज्ञेश्वर पारनेरकर स्वतः चालवत होते. अजिनाथ त्या दिवशी जामखेडला होता. आपण नीट न बघता बोललो म्हणून त्याच्यावर आळ आला. खाली सही, तारीख, फोन नंबर.

"हे चालेल?"

आरतीनं वाचलं. दोनदा वाचलं. मग चार घड्या घालून ब्लाऊजच्या आत ठेवलं आणि मोळी उचलायला वाकली.

"जावा आता, मिस्तरी," अजिनाथ म्हणाला. "ट्रक उभा हाय." त्यानं लेकीच्या डोक्यावर मोळी चढवून दिली आणि दुसरी आपल्या खांद्यावर घेतली.